वागळे इस्टेट ते शेवा: पाच पेट्यांसोबत पाच दिवस

सोमवार

आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. बाबांनी लेथ लावला तेव्हा आजूबाजूला सगळी प्रेस, मोल्डिंग, बफिंगची दुकानं होती. आता समोर काचेची इमारत उभी आहे, तिथली मुलं रात्री कामाला येतात आणि आमच्या ओळीत धातू कापणारे चौघेच उरलोत. आम्ही दूध डेअरीच्या नळ्या जोडायचे स्टीलचे युनियन बनवतो. एक नट, एक आटेवाला भाग, एक लाइनर आणि मध्ये रबरी रिंग. दिसायला साधी वस्तू, पण नळीतून दूध जाणार असतं, त्यामुळे आतल्या बाजूला नखाला लागेल असा ओरखडाही चालत नाही.

आज या मालाच्या पाच पेट्या बंद झाल्या. न्हावा शेवा बंदरातून केनियाला, मोंबासा बंदरात जायच्या आहेत. आमच्या नावाने परदेशी जाणारा हा पहिला माल. ‘आमच्या नावाने’ हे मुद्दाम म्हणते, कारण आमचे युनियन आफ्रिकेत आठ-दहा वर्षं जातच होते. मुंबईचा एक व्यापारी आमच्याकडून घ्यायचा, त्याच्या पेटीत भरायचा आणि पाठवायचा. कुठे जातात ते आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कागदपत्रं, परदेशातली उधारी, पैसे बुडायची भीती हे सगळं तो अंगावर घेत होता आणि त्याचा मोबदला घेत होता. बहुतेक छोटे कारखाने असेच, दुसऱ्याच्या पाठीवर बसून पहिल्यांदा समुद्र ओलांडतात.

मग दीड वर्षापूर्वी एक फोटो आला. नैरोबीत दुधाचे छोटे शीतकरण संच जोडणाऱ्या एका कंपनीच्या तंत्रज्ञाने नटावरचा आमचा शिक्का आणि खालचा हीट नंबर, म्हणजे स्टील कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा क्रमांक, टिपला होता. हे अक्षर कोणाचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो शिक्का आमच्या लेथवरचे मिस्त्रीकाका प्रत्येक नटावर हाताने मारतात. कोणी सांगितलं नव्हतं तेव्हापासून मारतात.

तिथलं बहुतेक दूध दोन-चार गायी राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोठ्यातून येतं. गावोगावी गोळा करून ते लगेच थंड करावं लागतं, म्हणून छोटे संच खूप लागतात. हे ऐकून मला वाटलं, ही तर आपलीच ओळखीची गिऱ्हाइकं. घाईघाईने नमुने पाठवले आणि तिथेच पहिली ठेच लागली. आपल्याकडच्या डेअऱ्यांत स्वीडिश पद्धतीचे, एसएमएस मापाचे युनियन सर्रास चालतात. त्यांच्या संचात जर्मन मापाचे, डीआयएन ११८५१ वाले. लांबून जुळे भाऊ वाटतात, पण आट्यांचा व्यास वेगळा, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढत नाही. त्यांनी मागणीत मानकाचा क्रमांक स्पष्ट लिहिला होता. मी ‘२ इंची युनियन’ एवढंच वाचलं होतं. नवे गेज मागवले, काकांनी लेथवर नवी सेटिंग लावली आणि त्यात चार महिने गेले. ते लोक थांबले, हे त्यांचे उपकार.

पेट्यांच्या लाकडाचंही एक प्रकरण आहे. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडात कीड असू नये म्हणून ते आतपर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. हा नियम जगभर चालतो. आमचा नेहमीचा सुतार म्हणाला, ‘ताई, मी उन्हात वाळवून देतो की.’ शेवटी शिक्केवाल्या पेट्या भिवंडीहून आणल्या. प्लायवूडला हा नियम लागत नाही, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी झाकणं ठोकली. काका शेवटच्या पेटीपाशी बराच वेळ वाकून काहीतरी करत होते. मी फोनवर होते, पाहिलं नाही.

मंगळवार

सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून बेलापूर. आमचे कस्टम ब्रोकर, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करून देणारे, तिथे बसतात. सगळे त्यांना अजून जुन्याच नावाने सीएचए म्हणतात. खोलीभर फायली आणि मधोमध एक मुलगी संगणकावर शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टमला द्यायचे अर्ज, भरत बसलेली. तिचा वेग पाहून थक्क झाले.

जे कोणी पहिल्यांदा निर्यातीचा विचार करतायत त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण मला हे कोणी एका दमात सांगितलं नव्हतं. आयात-निर्यात क्रमांक म्हणजे आयईसी. तो डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो, शुल्क ५०० रुपये आणि आता तुमचा पॅन हाच तो क्रमांक. पण दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथे जाऊन माहिती बरोबर असल्याचं सांगावं लागतं, नाहीतर तो बंद पडतो. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी नावाचं हमीपत्र, तेही प्रत्येक आर्थिक वर्षाला नवं. आणि तुमच्या बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठीचा तिचा क्रमांक, ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी नोंदवलेला हवा. हे शेवटचं माझं राहिलं होतं. आमच्या बँकेच्या शाखेत निर्यातीचं काम पाहिलेलं कोणी नव्हतं, एका पत्रासाठी मी पाच फेऱ्या मारल्या. यातलं काहीच अवघड नाही. फक्त एक जरी राहिलं तरी बाकीचं सगळं अडून बसतं.

ब्रोकरांनी इन्व्हॉइस हातात घेऊन विचारलं, ‘मॅडम, भाव एफओबी दिलाय. यात आमचा खर्च धरलाय ना?’

धरला नव्हता. मी भाव काढला होता गाळ्याच्या दारापर्यंतचा आणि लिहिलं होतं ‘एफओबी न्हावा शेवा’. त्या तीन अक्षरांचा अर्थ असा की माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च विकणाऱ्याचा. टेम्पो, गोदामाचं भाडं, हाताळणी, ब्रोकरची फी, बंदराचे आकार, कागदपत्रांचे पैसे. मोठ्या कंटेनरला हे पैसे वाटले जातात, पाच पेट्यांना ते डोईजड होतात. या खेपेत हाताशी फारसं काही राहणार नाही हे तिथेच, चहाचा कप हातात असताना कळलं. खरेदीदाराला फोन करून भाव वाढवावा का, हा विचार आला. नाही केला. शब्द दिला होता.

पैसे कसे येणार यावर मात्र मी आधीच ठाम राहिले होते आणि ते बरं झालं. त्यांनी ६० दिवसांची उधारी मागितली होती. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या पैशांची नव्वद नव्वद दिवस वाट बघायची सवय झालेली असते, पण इथलं गिऱ्हाईक निदान दारात जाऊन बसण्याइतकं जवळ असतं. ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल चढल्याच्या पावतीची, प्रत दाखवल्यावर, पैसे आले की मूळ कागद पाठवायचे, असं ठरलं. उधारी द्यायचीच झाली तर ईसीजीसीचा विमा घ्यायचा. सरकारची ही कंपनी १९५७ पासून परदेशी गिऱ्हाईक पैसे बुडवेल त्याचा धोका उचलते. छोट्या निर्यातदारांसाठी तिची वेगळी पॉलिसी आहे. पुढच्या वेळी घेणार.

परतताना वाशीला उतरले. बाजार समितीच्या आवारात माझी कॉलेजची मैत्रीण फळांचा व्यवहार पाहते. त्यांच्या घरचा हापूस वर्षानुवर्षं लंडनला जातो. तिने २०१४ ची गोष्ट पुन्हा सांगितली. भारतातून गेलेल्या काही मालात फळमाशी सापडली आणि १ मेपासून युरोपने हापूसला दारच बंद केलं. ऐन हंगामात. ज्यांच्या आंब्यात काहीच नव्हतं त्यांचेही आंबे इथेच मिळेल त्या भावाने विकले गेले. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, ती गरम पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची नीट व्यवस्था दाखवल्यावर. ‘कोणाची चूक होती ते आम्हाला आजही माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘पेटीवर नाव एकट्याचं असतं गं, पण तिथे ती भारताची पेटी असते.’ ओंबीच्या शिक्क्यासाठी भिवंडीची खेप केली त्याचं मला तिथे समाधान वाटलं.

बुधवार

पहाटे साडेपाचला टेम्पो निघाला. मी ड्रायव्हरशेजारी बसले. काका विटाव्याला राहतात, ते पुलाजवळ स्वेटर घालून, हातात डबा घेऊन उभे होते. त्यांना सोबत न्यायचं मी आधीच ठरवलं होतं. छत्तीस वर्षं ज्या माणसाने वस्तू घडवली त्याने ती कुठून जाते ते पाहिलं पाहिजे असं मला वाटत होतं.

दिघा, ऐरोली, रबाळे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर उजाडायला लागलं तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना सोडत होत्या. या पट्ट्यातल्या किती शेडमधून काय काय बाहेरदेशी जातं, औषधांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत, ते रस्त्यावरून कधीच दिसत नाही. तुर्भ्याला चहा घेतला. नेरूळ मागे टाकून उरण फाट्याहून आम्र मार्गाला लागलो, खाडी ओलांडली आणि उलवे आलं. डाव्या हाताला नवा विमानतळ. काका खिडकीतून बघत राहिले आणि म्हणाले, ‘ताई, आता जासई येईल. माझं आजोळ.’

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विषयच निघाला नाही.

गव्हाण फाट्यापुढे ट्रेलरची रांग सुरू झाली आणि आम्ही त्या रांगेत अडकलो, म्हणून काकांचं बोलणं ऐकता आलं. इथे भातखाचरं होती, पलीकडे मिठागरं. मामा मिठावर जायचा. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या त्याचा मोबदला तुटपुंजा होता म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे सगळी गावं उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथे गोळीबार झाला आणि पाच जण गेले. काका तेव्हा शाळेत होते, मामीने त्यांना दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही. त्या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं सूत्र आलं. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. त्याच सुमारास काका आयटीआय संपवून वागळेला आमच्याकडे लागले. पुढच्याच आठवड्यात हुतात्मा दिन असल्याने रस्त्याकडेला फलक लावायचं काम चालू होतं. काकांनी टेम्पो थांबवायला सांगितला नाही. फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी निर्यातीबद्दल जे काही वाचलं होतं त्यात न्हावा शेवा म्हणजे शिपिंग बिलातला एक कोड होता. देशातल्या मोठ्या बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे इथून हलतात, हेही वाचलं होतं. ते कोणाच्या शेतावर उभं आहे हे मी बाजूच्या सीटवरच्या माणसाला कधी विचारलं नव्हतं.

दहाच्या सुमारास गोदामाशी पोहोचलो. आमच्या पाच पेट्या अख्खा कंटेनर भरू शकत नाहीत, म्हणून त्या इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणार. त्यासाठी बंदराबाहेरच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर मालाच्या गोदामात, माल आधी उतरवतात. याला कार्टिंग म्हणतात. हेल्मेट आणि चकाकणारी जाकिटं घालून आत गेलो. फोर्कलिफ्टवाल्याने दोन पेट्या सहज उचलल्या, तिसरीला दाते आत जाईनात. त्याने पाठीमागून पहार घालून ती थोडी उचलली, मग दाते सरकवले. काका जवळ जाऊन वाकून बघत होते.

गुरुवार

तपासणीचा दिवस. बहुतेक शिपिंग बिलं संगणक पेटी न उघडताच पुढे सोडतो, पण आमचं नाव नवं. दोन पेट्या उघडा, असा आदेश आला.

पहिली पेटी उघडली. नट मोजले, हीट नंबर कागदाशी ताडून पाहिले. दुसरी उघडली तर वरच एक पांढरी पिशवी. आत शंभर रबरी रिंगा, कागदात नीट गुंडाळलेल्या. पॅकिंग लिस्टमध्ये त्यांचा उल्लेख नव्हता.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘ताई, रिंग झिजते. तिकडं लांब देशात कुठं शोधत बसतील? म्हणून वरून घातल्या.’

शेर मोजून झाल्यावर वर मूठभर घालायची आपली रीत. बाबाही प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन रिंगा वरून द्यायचे आणि तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्यावर टिकली. पण कस्टमच्या नोंदीत फुकट अशी वस्तूच नसते. नमुना असो की भेट, तिचं नाव, संख्या आणि किंमत कागदावर हवी, पैसे घेतले नसले तरी. शिवाय आमचे युनियन कस्टमच्या वर्गवारीत ७३०७ या शीर्षकाखाली, स्टीलच्या नळजोडण्यांत नोंदलेले, आणि रबराच्या रिंगा ४०१६ मध्ये. म्हणजे न सांगितलेली, वेगळ्या वर्गातली वस्तू.

अधिकारी शांतपणे ऐकून घेत होते. ब्रोकरांनी दोन रस्ते सांगितले. शिपिंग बिलात दुरुस्ती करून रिंगा दाखवायच्या किंवा काढून घ्यायच्या. मला दाखवायच्या होत्या, काकांसाठी. पण मग केनियाचं अनुरूपता प्रमाणपत्र आडवं आलं. तिकडच्या मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे माल इथून निघण्याआधीच तपासून घ्यावा लागतो. गेल्या आठवड्यात तपासनीस गाळ्यावर येऊन जे मोजून गेला तेच त्या प्रमाणपत्रात आहे. रिंगा त्यात नाहीत. इथे सुटल्या तरी मोंबासाला पेट्या अडल्या असत्या आणि तिथल्या गोदामाचं भाडं खरेदीदाराच्या डोक्यावर बसलं असतं.

काढून घेतल्या. माफीचं पत्र लिहिलं, वजन नव्याने केलं, पॅकिंग लिस्ट बदलली. या सगळ्यात त्या दिवशी भरणाऱ्या कंटेनरची वेळ टळली.

काका दुपारभर गप्प होते. मी त्यांना म्हटलं, ‘काका, चूक माझी. कागदावर जे लिहिलंय तेवढंच पेटीत जातं हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. निर्यातीचे सगळे कागद मी घरी बसून एकटीने केले.’ हे त्यांची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. खरंच तसं आहे. नव्या बाजाराची तयारी म्हणून मी मानकं वाचली, बँकेत गेले, प्रदर्शनं पाहिली. ज्या चार माणसांच्या हातून माल बाहेर पडतो त्यांना एक तास बसवून सांगितलं नाही.

शुक्रवार

आज दोघेही लोकलने गेलो. ठाणे ते नेरूळ, नेरूळहून उरणची गाडी. जानेवारी २०२४ मध्ये ही गाडी उरणपर्यंत जायला लागली, पण फेऱ्या मोजक्या. खारकोपर सुटल्यावर डबा जवळजवळ रिकामा झाला. खाडीवरून थंड वारा येत होता. काकांनी विचारलं, मोंबासा कुठल्या बाजूला. मी नैर्ऋत्येकडे हात दाखवला. याच महिन्यांत ईशान्येचा वारा धरून आपल्या किनाऱ्यावरची गलबतं आफ्रिकेला जायची आणि पावसाळी वारे सुरू झाले की परतायची, हे सांगितलं. कल्याणचं बंदर तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांना ठाऊक होतं. काका म्हणाले, ‘म्हणजे आपण नवं काही करत नाही.’

अकराच्या सुमारास ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे माल जाऊ द्या असा कस्टमचा आदेश, मिळाली. ब्रोकरचा मुलगा लांबूनच ओरडला, ‘मॅडम, एलईओ झाला!’ कंटेनर आणून लावला होता. आधी कोणाच्या तरी कापडाच्या गाठी गेल्या, मग यंत्राचे भाग, मग आमच्या पेट्या. तिसऱ्या पेटीला पुन्हा पहार लागली. दार बंद झालं, सील लागलं, त्याचा क्रमांक मी वहीत उतरवून घेतला. हा कंटेनर आता बंदरात जाईल आणि सोमवारच्या जहाजावर चढेल. नैरोबीला तसं कळवलं, चार दिवस उशीर का झाला तेही पिशवीसकट सगळं लिहिलं. गाडीत बसायच्या आत उत्तर आलं. रिंगांचा भाव त्यांनी वेगळा मागितला होता.

परतीच्या गाडीत पिशवी काकांच्या मांडीवर होती. न्हावा शेवा स्टेशन गेलं, शेमटीखार गेलं. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांनी डोळे उघडून अंगठा आणि तर्जनी ताणून हवेत एक माप धरलं.

‘ताई, पेटीच्या खालच्या पट्ट्या एवढ्या उंच पाहिजेत. भिवंडीवाल्याने कमी ठेवल्यात, दाते जात नाहीत. पुढच्या खेपेला मी स्वतः मोजून घेतो.’